त्वरणमापक आणि त्वरणलेखक : कोयना ते किल्लारी

१. विषयप्रवेश

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्राच्या भूमीवर दोन विनाशकारी भूकंप झाले. पहिला ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, सातारा जिल्ह्यातील कोयनानगरच्या परिसरात झाला. दुसरा ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर जिल्ह्यातील किल्लारी व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर या गावांच्या परिसरात झाला. कोयनेत सुमारे १८० माणसे दगावली, तर किल्लारीच्या परिसरात मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या घरात गेली. किल्लारी सोलापूर शहरापासून सरळ रेषेत सुमारे ८५ किलोमीटर अंतरावर आहे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून झोपी गेलेल्या सोलापूरकरांनाही तो हादरा जाणवला होता.

या दोन भूकंपांत संशोधनाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा भेद आहे. दोहोंची महत्ता दूरदूरच्या वेधशाळांतील यंत्रांवरून निश्चित करता आली. परंतु माणसाच्या पायाखालची जमीन नेमकी किती जोराने हलली, या प्रश्नाचे अंकांतील उत्तर केवळ कोयनेच्या बाबतीत उपलब्ध आहे. किल्लारीच्या केंद्राजवळ ती गती टिपणारे एकही यंत्र त्या पहाटे नव्हते. ज्या घटनेत अधिक माणसे गेली, तिचीच नोंद नाही. आणि ही उणीव भरून काढण्याचा मार्ग पुढे उरलेला नाही.

आज त्वरण मोजणारा संवेदक नखाएवढ्या पट्टीवर बसतो आणि काही शे रुपयांत मिळतो. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो विकत घेऊन, त्याच्या पिनांना डाख देऊन, हौशी विद्यार्थी तो आपल्या मंडळात जोडतो. कोयनेच्या धरणातील यंत्रापासून या चिमुकल्या संवेदकापर्यंतचा इतिहास पाहणे, आणि त्या इतिहासाने ‘मोजणे’ व ‘नोंदणे’ या दोन क्रियांमधील संबंध कसा बदलला हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२. संज्ञेचा विचार

यंत्राच्या इतिहासाआधी त्याच्या नावाचा विचार करणे इष्ट आहे; कारण येथे संज्ञाच विषयाच्या गाभ्याकडे नेते. वेगात एकक काळात होणाऱ्या बदलाला मराठीत दोन शब्द रूढ झाले. मराठी विश्वकोशाने ‘प्रवेग’ हा शब्द स्वीकारला. शालेय पाठ्यपुस्तकांनी ‘त्वरण’ हा स्वीकारला. दोन्ही शब्द संस्कृतोद्भव असले, तरी त्यांची घडण सारखी नाही. ‘प्रवेग’ या शब्दात ‘प्र’ हा उपसर्ग ‘वेग’ या नामाला प्रकर्ष देतो. त्यामुळे प्रथमश्रवणी ‘मोठा वेग’ असा अर्थ मनात येतो, आणि नेमका तोच येथे अभिप्रेत नाही. ‘त्वरण’ हे ‘त्वर्’ या धातूपासून, ‘गमन’, ‘पतन’, ‘चलन’ यांप्रमाणे, क्रियावाचक प्रत्ययाने सिद्ध झालेले नाम आहे. त्यात अवस्था नसून व्यापार आहे, आणि बदलाच्या संकल्पनेला व्यापारवाचक रूप अधिक साजते. प्रस्तुत लेखात म्हणूनच ‘त्वरण’ हा शब्द योजिला आहे.

बोलभाषेत या कल्पनेला एक नाव नाही, अनेक आहेत. बैलगाडीचा ‘गचका’, एस. टी. एकदम थांबली म्हणजे बसणारा ‘हिसका’, झोपाळ्याचा ‘हेलकावा’, भूकंपाचा ‘धक्का’ हे सारे शब्द वेग सांगत नाहीत, वेगातील बदल सांगतात. एकसारख्या वेगाने जाणाऱ्या आगगाडीत डोळे मिटून बसलेल्या माणसाला गतीची जाणीव होत नाही. सांधा बदलताना मात्र ती तत्काळ होते. सोलापूरच्या यंत्रमागावरील धोट्याचे उदाहरणही घेता येईल. ताण्यातून धावताना धोट्याचा वेग मोठा असतो, पण मागाच्या सांगाड्याला हादरा बसतो तो धोट्याला दोन टोकांशी मारा बसून तो सुटतो आणि पेटीत आदळून थांबतो त्या क्षणी.

दुसरा भेद शब्दाच्या उत्तरपदातील आहे. ‘तापमापक’, ‘दाबमापक’ यांत ‘मापक’ हे पद आहे. ‘भूकंपलेखक’ या शब्दात ‘लेखक’ हे आहे. मापक त्या क्षणाचे मूल्य दाखवितो. लेखक ते काळाच्या क्रमाने लिहून ठेवतो. कोयनेत जे होते ते त्वरणलेखक होते. हौशी विद्यार्थ्याच्या हाती आज जे येते ते त्वरणमापक आहे. या दोहोंतील अंतर केवळ आकाराचे नाही, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

३. यंत्रापूर्वीचे अनुमान

जमिनीचे त्वरण मोजण्याचा पहिला प्रयत्न यंत्राने झाला नाही. पडलेल्या वस्तूंवरून झाला. एखादा सुटा, चौकोनी दगडी खांब उभा असेल, त्याच्या पायाची रुंदी २० सेंटिमीटर व उंची १०० सेंटिमीटर असेल, तर रुंदीला उंचीने भागून ०.२ हे गुणोत्तर मिळते. जमिनीचे आडवे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या ०.२ पटीहून अधिक झाले, आणि तो धक्का पुरेसा वेळ टिकला, तरच हा खांब कलंडेल. म्हणजे भूकंपानंतर कोणते खांब पडले व कोणते उभे राहिले याची पाहणी करून त्वरणाची सीमा ठरविता येते. जपानमध्ये काम करणाऱ्या जॉन मिल्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धती रूढ केली. १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपानंतर रिचर्ड ओल्डहॅम यांनी केलेल्या पाहणीत अशाच पुराव्याचा उपयोग झाला. जमिनीतून उसळून बाहेर पडलेल्या दगडांवरून, काही ठिकाणी त्वरण गुरुत्वीय त्वरणापेक्षाही अधिक झाले असावे, असे अनुमान त्यांनी काढले.

त्या भूकंपाच्या दुसऱ्याच वर्षी, १८९८ मध्ये, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मिल्न यांच्या रचनेचे भूकंपलेखक बसविण्यात आले. महाराष्ट्रातील यांत्रिक भूकंपनोंदीचा आरंभ तेथून होतो. तथापि हे यंत्र दूरच्या भूकंपांच्या मंद लाटा टिपण्यासाठी होते. जवळच मोठा धक्का बसल्यास अशा संवेदनशील यंत्राची लेखणी कागदाबाहेर जाते आणि नोंद तेथेच संपते. दुरून येणारी सूक्ष्म हालचाल ऐकणारे यंत्र आणि जवळचा जबर आघात सोसून लिहिणारे यंत्र ही दोन भिन्न यंत्रे आहेत. इमारत बांधणाऱ्याला दुसऱ्याची गरज असते.

या दुसऱ्या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. एका ताठ स्प्रिंगला लहानसे वजन जोडलेले असते. चौकट हलली की वजन जडत्वामुळे मागे राहू पाहते आणि स्प्रिंग किंचित ताणली किंवा दबली जाते. स्प्रिंग पुरेशी ताठ असेल, तर वजनाचे हे विस्थापन चौकटीच्या त्वरणाच्या प्रमाणात असते. १९३२ मध्ये अमेरिकेच्या किनारा व भूमापन खात्याने कॅलिफोर्नियात या तत्त्वावरील त्वरणलेखक बसविण्यास सुरुवात केली, आणि १० मार्च १९३३ च्या लाँग बीच भूकंपात जबर धक्क्याची पहिली नोंद हाती आली. १८ मे १९४० रोजी एल सेंट्रो येथे मिळालेली नोंद तर पुढे कित्येक दशके जगभरच्या अभियंत्यांची पाठ्यसामग्री ठरली.

४. कोयनेची नोंद

कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे. शिवाजीसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठू लागले आणि लवकरच परिसरात लहान लहान हादरे व जमिनीतून येणारे आवाज जाणवू लागले. द्वीपकल्पाचा हा पठारी भाग भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानला जात होता. धरणाच्या अभिकल्पात भूकंपासाठी गुरुत्वीय त्वरणाच्या केवळ ०.०५ पट एवढा आडवा गुणांक धरलेला होता. परंतु हादऱ्यांमुळे परिसरात भूकंपलेखक बसविले गेले आणि धरणाच्या अंतर्गत मार्गिकेत त्वरणलेखकही ठेवण्यात आले. लोकांची तक्रार आणि अभियंत्यांची शंका यांतून हे यंत्र तेथे आले, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने दुर्लक्षणीय नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे त्या यंत्राने आपले काम केले. आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशकिरण सरकत्या फोटोग्राफीच्या कागदावर रेषा काढतो, अशी त्या काळच्या त्वरणलेखकांची रचना होती. यंत्र सतत चालत नसे. धक्क्याने कळ दाबली जाऊन ते सुरू होई, त्यामुळे आरंभीचा काही अंश निसटणे अपरिहार्य होते. तरीही जे मिळाले ते अमोल होते. धरणाच्या लांबीच्या दिशेने त्वरणाचे कमाल मूल्य ०.६३ जी, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ०.४९ जी आणि उभ्या दिशेने ०.३४ जी एवढे आढळले. येथे ‘जी’ म्हणजे गुरुत्वीय त्वरण, दर सेकंदास दर सेकंदास ९.८१ मीटर. धरणाच्या अभिकल्पातील ०.०५ हा आकडा यांशेजारी ठेवला म्हणजे तफावतीचे प्रमाण ध्यानात येते. अर्थात अभिकल्पातील गुणांक हा स्थिर बल मानून धरलेला आणि नोंदीतील आकडा हा क्षणिक शिखराचा, म्हणून दोहोंची तुलना बेतानेच केली पाहिजे.

धरण फुटले नाही. मात्र ज्या पातळीवर त्याच्या मागील बाजूचा उतार बदलतो, तेथे अनेक खंडांत आडव्या भेगा पडल्या. त्या तेथेच का पडल्या, याचे उत्तर त्वरणलेखामुळे गणिताने देता आले. जयकृष्ण व त्यांच्या रुडकी येथील सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये या नोंदीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. १९७३ मध्ये अनिल चोप्रा व पी. चक्रवर्ती यांनी धरणाचा प्रतिसाद या नोंदीच्या आधारे मोजून दाखविला. माथ्याकडील आकाराच्या बदलाशी ताण कसा एकवटतो, हे त्यातून स्पष्ट झाले. धरणाचे मजबुतीकरण झाले, भारतीय मानक संहितेतील भूकंपक्षेत्रांच्या नकाशात कोयना परिसराची श्रेणी १९७० मध्ये वाढविण्यात आली, आणि ही नोंद जगातील धरण-अभियंत्यांच्या नित्य वापरातली झाली. कागदाच्या एका पट्टीवरील सुमारे दहा सेकंदांच्या रेषेने एवढे कार्य केले.

५. किल्लारीचे मौन

कोयनेच्या अनुभवानंतर सव्वीस वर्षांनी किल्लारी हादरली. १९९२ च्या उत्तरार्धात त्या परिसरातही लहान हादरे बसले होते आणि लोक भयभीत झाले होते. परंतु तेथे मोठे धरण नव्हते, आणि संहितेच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. यंत्रे धोका असेल तेथे ठेवावीत हे रास्त. पण धोका कोठे आहे हे नकाशा सांगतो, आणि नकाशा पूर्वीच्या नोंदींवरून बनतो. जेथे नोंद नाही तेथे धोका नाही, आणि जेथे धोका नाही तेथे यंत्र नाही, असे हे चक्र होते. किल्लारीचा मुलूख या चक्रात अडकलेला होता.

हानीचे कारण घरांच्या रचनेत होते, हे निर्विवाद आहे. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळ्या आणि तुळ्यांवर मातीचे जाड थर देऊन केलेले माळवद, ही सोलापूर, धाराशिव, लातूर या उष्ण प्रदेशातील परंपरागत घरबांधणी. उन्हाळ्यात ती सुखद असते. परंतु आडवे बल हे वस्तुमान व त्वरण यांचा गुणाकार असल्याने, दहा टन वजनाच्या माळवदावर ०.१ जी त्वरणात एक टन वजनाइतके बल आडवे येते; मातीने सांधलेल्या भिंतीत ते पेलण्याचे सामर्थ्य नसते. प्रश्न उरतो तो असा, की किल्लारीत हे त्वरण नेमके किती होते? ०.१ असेल तर निष्कर्ष घरांविषयी एक निघेल, ०.३ असेल तर दुसरा. पडझडीवरून अभियंत्यांनी अनुमाने बांधली. म्हणजे पद्धतीच्या दृष्टीने संशोधन पुन्हा ओल्डहॅम यांच्या काळात, पडलेल्या खांबांच्या गणितापाशी, गेले.

या प्रश्नाला व्यावहारिक बाजूही होती. बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. इतर असंख्य गावांत जुनी घरे दुरुस्त व मजबूत करावयाची होती. जुने घर किती सोसू शकेल हे सांगण्यासाठी त्याने किती सोसले हे ठाऊक असावे लागते. पुढे २००२ च्या संहितेत पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. नकाशा सुधारला, पण ती सुधारणा घडविणारा पुरावा मृतांच्या संख्येचा होता, यंत्राच्या रेषेचा नव्हता.

६. यंत्र लहान होते

किल्लारीच्या भूकंपाच्याच सुमारास, १९९० च्या दशकाच्या आरंभी, त्वरणमापकाच्या इतिहासात एक मोठे स्थित्यंतर घडत होते, आणि त्याचा भूकंपाशी काही संबंध नव्हता. सिलिकॉनच्या चकतीवर स्प्रिंग आणि वजन कोरता येते, हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील रॉयलन्स व एंजेल यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात दाखविले होते. पुढे ॲनालॉग डिव्हायसेस या कंपनीने ‘एडीएक्सएल ५०’ हा संवेदक बाजारात आणला. त्याची मर्यादा अधिक-उणे ५० जी होती, आणि काम एकच होते : मोटार आदळली की हवेची उशी फुगविण्याचा इशारा देणे. मोटारींच्या मागणीमुळे असे संवेदक लक्षावधींच्या संख्येने तयार होऊ लागले व किंमत उतरली. २००६ मध्ये खेळाच्या यंत्राच्या मुठीत, २००७ पासून भ्रमणध्वनीत, असा त्यांचा प्रसार झाला. २००५ मध्ये इटलीतील इव्रेया येथे आर्डुइनो हा स्वस्त नियंत्रक-फलक तयार झाला होता. त्यामुळे हौशी माणसाला हे संवेदक सहज जोडता येऊ लागले.

आतील रचना मूळ तत्त्वाला सोडून नाही. सिलिकॉनचे सूक्ष्म वजन सिलिकॉनच्याच बारीक पट्ट्यांवर तोललेले असते; त्याला फणीच्या दात्यांसारखे दाते असून ते स्थिर दात्यांच्या मध्ये बसतात. वजन सरकले की दात्यांमधील अंतर व त्याबरोबर विद्युत्-धारिता बदलते, आणि त्या बदलावरून त्वरण कळते. हौशी मंडळींत प्रचलित असलेल्या ‘एडीएक्सएल ३४५’ या संवेदकाची लांबी ५, रुंदी ३ आणि जाडी १ मिलिमीटर आहे. तो एक जी त्वरणाला २५६ भाग या प्रमाणात आकडे देतो, म्हणजे एक भाग सुमारे ०.००४ जी होतो. कोयनेचे ०.६३ जी हे शिखर अशा भागाच्या सुमारे १६० पट भरते. दूरच्या भूकंपाची मंद लाट या संवेदकाला कळणार नाही. कुलाब्याच्या १८९८ च्या यंत्राची जागा तो घेऊ शकत नाही. परंतु कोयनेसारखा जवळचा जबर धक्का तो निश्चित टिपील.

जगात हा विचार प्रत्यक्षात आलेला आहे. अमेरिकेत २००८ च्या सुमारास ‘क्वेक कॅचर नेटवर्क’ या उपक्रमाने लोकांच्या घरच्या संगणकांतील व त्यांना जोडलेल्या संवेदकांच्या नोंदी एकत्र करण्यास आरंभ केला; २०१६ मध्ये बर्कली येथील संशोधकांनी भ्रमणध्वनींसाठी ‘मायशेक’ निर्माण केले; आणि भ्रमणध्वनींतील त्वरणमापकांवर आधारलेली गूगलची भूकंप-इशारा व्यवस्था सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात सुरू झाली. भारतातही रुडकीच्या संस्थेने २००४ नंतर सुमारे ३०० अंकीय त्वरणलेखकांचे जाळे उभारले. पण त्यातील बहुतेक यंत्रे हिमालय व ईशान्य भागात आहेत, आणि ते प्राधान्यक्रमाला धरूनच आहे. पठारावरील गावाचा प्रश्न तसाच राहतो.

७. मापकाचा लेखक होण्यासाठी

हौशी प्रयोगात हा संवेदक बहुधा चेंडूचा कल, खेळण्यातील गाडीचा गचका किंवा कपडे धुण्याच्या यंत्राची थरथर मोजतो, आणि आकडे पडद्यावरून निघून जातात. तेथे तो मापक असतो. तो लेखक होण्यासाठी काही गोष्टी आवश्यक आहेत, आणि कोयनेच्या नोंदीला प्रामाण्य आले ते त्याच गोष्टींमुळे.

पहिली गोष्ट शून्याची व एककाची खात्री. टेबलावर स्थिर ठेवलेला संवेदक उभ्या अक्षावर शून्य नव्हे, तर एक जी दाखवितो; कारण आधाराचा रेटा व मुक्त पतन यांतील भेद तो ओळखतो. याचा लाभ असा, की प्रमाणीकरणासाठी प्रयोगशाळा लागत नाही. संवेदक क्रमाने सहाही बाजूंवर ठेवून प्रत्येक अक्षाची अधिक व उणे एक जीची वाचने घ्यावीत; त्यांच्या बेरजेच्या निम्म्याने शून्याची चूक व वजाबाकीच्या निम्म्याने प्रमाण मिळते. दुसरी गोष्ट जमिनीशी दृढ संबंध. मेजावर ठेवलेला संवेदक मेजाची गती लिहितो. तो तळमजल्याच्या फरशीला पक्का बसविलेला असावा आणि त्याचा एक अक्ष उत्तरेकडे असावा. तिसरी गोष्ट अचूक वेळ. वेळेविना दोन ठिकाणच्या नोंदींची तुलना होत नाही. चौथी गोष्ट मूळ आकड्यांचे जतन. त्वरणावरून विस्थापन काढण्याचा मोह होतो, पण दर सेकंदास दर सेकंदास ०.०१ मीटर एवढी स्थिर चूकसुद्धा दोनदा संकलित केल्यावर एका मिनिटात १८ मीटर होते. म्हणून गणित नंतर करता येईल, मूळ आकडे मात्र न बदलता ठेवले पाहिजेत. कोयनेच्या यंत्रात धक्क्याचा आरंभ निसटत असे. आज संवेदक अखंड चालवून मागील काही सेकंद स्मृतीत राखता येतात, आणि हा दोष नाहीसा होतो.

या चारही गोष्टींत महागडे असे काही नाही. शिस्त तेवढी आहे. पण ती एका माणसाच्या हौसेवर टिकणारी नाही. हौस वर्षभर टिकते. पठारावरील मोठा भूकंप पिढ्यान्पिढ्या येत नाही. कोयनेत यंत्र सज्ज राहिले, कारण ते सांभाळण्याची जबाबदारी एका खात्याची होती. गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांत असा संवेदक बसविला गेला, तर त्याची नोंदवही, पर्जन्यमापकाच्या नोंदवहीप्रमाणे, एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जावयास हवी. पाऊस दर वर्षी पडतो, म्हणून पर्जन्यमापकाची आठवण राहते. त्वरणलेखकाची आठवण ठेवावी लागेल.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. त्वरणमापकाच्या इतिहासात सूक्ष्मतेपेक्षा स्थानाचा प्रश्न अधिक निर्णायक ठरला आहे. १९६७ साली योग्य यंत्र योग्य जागी होते, म्हणून कोयनेचा धक्का शास्त्राचा विषय झाला. १९९३ साली जगात याहून चांगली यंत्रे होती, पण किल्लारीत एकही नव्हते. यंत्राच्या किमतीमुळे व दुर्मीळतेमुळे तेव्हा जी निवड करावी लागत होती, ती आज करावी लागत नाही. तथापि स्वस्त झाले आहे ते मापन; लेखन स्वस्त झालेले नाही, कारण त्यासाठी लागणारा वक्तशीरपणा व सातत्य बाजारात मिळत नाही. ‘मापक’ व ‘लेखक’ या दोन पदांतील भेद मराठी परिभाषेने राखला आहे. तो व्यवहारातही राखला गेला पाहिजे. किल्लारीच्या परिसरातील माळवदाच्या घरांनी किती सोसले, हे आता कळणे नाही. सोलापूर व धाराशिवकडील जी जुनी घरे अद्याप उभी आहेत, त्यांच्याविषयी मात्र तोच प्रश्न पुढे केव्हातरी विचारला जाईल, आणि त्याचे उत्तर कोठल्या तरी शाळेच्या फरशीला बसविलेल्या संवेदकाच्या नोंदवहीत असू शकेल.